पहिल्या साहेबांची अर्धी ओळ

आत्याच्या पायाला भिंगरी आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती बसते तीसुद्धा खुर्चीच्या कडेवर, कुणी हाक मारली तर उठायला वेळ नको म्हणून. पण त्या आठवड्यात तिने कहर केला. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. बाबांचा पेपर घडी घालून ठेवला, मग उलगडला, मग दुसऱ्या बाजूने घडी घातली. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारात, दारातून परत ओट्याशी. शेवटी मी ओरडलेच, "आत्या, बस ना एका जागी! तुला बघून मला दम लागला."

"बसलेय की," ती म्हणाली. उभी होती.

घरात आम्ही तिघं. बाबा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे आत्या, आणि मी. आई जाऊन नऊ वर्षं झाली. आत्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणते, जणू लग्न म्हणजे दात दाखवायला जाणं. तेहतीस वर्षं ती कोर्टाच्या नकला विभागात आहे. निकालाची प्रत हवी असली की लोक अर्ज करतात, मूळ कागद गठ्ठ्यातून निघतो, आणि तो पाहून नक्कल तयार होते. खाली शिक्का, 'खरी नक्कल', आणि त्यावर आत्याची सही. कोर्टातली मंडळी तिलाच 'खरी नक्कल' म्हणतात. "खरी नक्कल आल्या का?" असं विचारतात, आणि ती "आले" म्हणून उत्तरही देते.

माझं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर आहे, झेरॉक्सचं. म्हणजे धंदा दोघींचा एकच, आणि त्यावरून भांडण रोजचं. तू नुसती माशीला माशी मारतेस, असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "तुझं मशीन कागदाकडे बघतही नाही. मी बघते."

आणि ती बघायची, हे मान्य करावं लागेल. ओळीखाली पट्टी धरून, बोट एकेका शब्दावर ठेवून. नकला विभागाचा एक नियम ती मला इतक्या वेळा सांगायची की माझे कान किटले होते. कागद फाटला असेल, शाई उडाली असेल, कसरीने खाल्लं असेल, तर तेवढ्या जागेत टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'मूळ कागद खराब'. गेलेला शब्द कितीही उघड असला तरी आपण भरायचा नाही. "'सूर्य पूर्वेला उग' इथवर असेल आणि पुढे भोक असेल, तरी टिंबं," ती म्हणायची. "आपलं शहाणपण घरी ठेवून यायचं." झालेली नक्कल मग दुसऱ्याने मोठ्याने वाचायची आणि पहिल्याने मूळ कागदाशी ताडून बघायची. त्याशिवाय शिक्का नाही.

आता पहिल्या साहेबांबद्दल सांगायला हवं. आमचं कोर्ट सुरू झालं तेव्हाचे ते पहिले न्यायाधीश. तैलचित्रात ते जरा वैतागलेले दिसतात, चित्रकाराने फार वेळ बसवून ठेवल्यासारखे. आरोपीला बसायला खुर्ची द्यायची पद्धत त्यांची. कामकाज चालू असताना दार उघडं ठेवायचं, तेही त्यांचंच. निकाल असा लिहायचा की हरलेल्या माणसालाही आपण का हरलो ते कळावं, हा त्यांचा दंडक. आणि त्यांचा सर्वांत गाजलेला निकाल नावाड्याचा. नाव उलटली, एक उतारू बुडाला, आणि नावाडी अख्ख्या खटल्यात चकार शब्द बोलला नाही. गप्प आहे म्हणजे यानेच केलं, असं सगळे म्हणत होते. साहेबांनी त्याला सोडलं आणि लिहिलं: 'मौन ही कबुली नव्हे; कारण भ्यालेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत.'

हे वाक्य आमच्या गावात पोरासोरांना पाठ आहे. वकील तर ते तोंडात धरूनच जन्माला येतात. एकदा एक बाई माझ्याकडे आली होती, मुलगा सुटल्याच्या निकालाची प्रत घेऊन. त्यातलं हे वाक्य ज्या पानावर होतं, तेवढंच पान तिला लॅमिनेट करून हवं होतं. मी पैसे घेतले नाहीत. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती ताडकन उठून गॅलरीत निघून गेली. मला वाटलं, भरून आलं असेल.

तर यंदा कोर्टाला शंभर वर्षं झाली. परिपत्रक निघालं. पहिल्या साहेबांच्या स्मरणार्थ दर्शनी भिंतीत दगडी पाटी बसवायची, तिच्यावर हे वाक्य कोरायचं. आणि समारंभात आत्याचा सत्कार. कारण मूळ निकाल तीस वर्षांपूर्वीच इतका जीर्ण झाला होता की तो पत्र्याच्या पेटीत बंद करून ठेवावा लागला, आणि पेटीत जाण्याआधी त्याची शेवटची नक्कल आत्याने टाइप केली होती. तेव्हापासून सगळे तीच वापरतात. 'ज्यांनी हा निकाल पुढच्या पिढ्यांसाठी वाचवला', असं परिपत्रकात छापलं होतं. मी ते घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने भांडी धुवायला घेतली, ती तेव्हापासून.

तीन दिवस मी पाहत होते. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता मागच्या आवारात जायची, तिथे पाथरवट पाटीवर काम करत होता. त्याच्या शेजारी उभी राहून छिन्नीकडे बघायची. तो मला म्हणाला, "तुमच्या आत्या माझं अक्षर तपासतात की काय? छातीत धडधडतं हो माझ्या." पहिली ओळ झाली होती. दुसरीतलं 'कारण' झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती मोठ्या मॅडमच्या चेंबरमध्ये गेली. मॅडम म्हणजे आत्ताच्या मुख्य न्यायाधीश, शिस्तीच्या पण वाईट नव्हेत. अकराच्या सुमाराला आत्या माझ्या दुकानात आली ती कागदासारखी पांढरी होऊन. गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला घाईघाईने वाटेला लावलं आणि शटर अर्धं ओढलं.

"काय झालं?"

"सांगायला गेले होते. सांगता येईना. तोंड उघडलं की बंद. मॅडमनी पाणी दिलं. म्हणाल्या, 'सावकाश. घाबरू नका. आपले पहिले साहेबच म्हणून गेलेत, भ्यालेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत.'" आत्याने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. "कार्टे, ते साहेब नाही म्हणाले. ते मी म्हणाले."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं, आणि मी मशीनच्या कडेला टेकून ऐकत राहिले.

मूळ निकालात 'मौन ही कबुली नव्हे; कारण' एवढंच शिल्लक होतं. पुढे अर्ध्या ओळीएवढं भोक, कसरीने खाल्लेलं. साहेबांनी काय लिहिलं होतं ते कुणालाच माहीत नाही. तिने टिंबं द्यायला हवी होती. दिली नाहीत. वाचून दाखवणारी बाई त्या दिवशी रजेवर, म्हणून हिने स्वतःच वाचलं, स्वतःच ताडलं, शिक्का मारला आणि पेटी बंद केली.

"पण का?" मी म्हटलं. "तू? सूर्य पूर्वेला उगवला तरी टिंबं देणारी तू?"

"त्याच आठवड्यात दादाची चौकशी झाली होती."

बाबांची चौकशी आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. पात्याच्या पुढे हात जाऊ नये म्हणून एक जाळी असते. ती कुणीतरी काढून ठेवली, आणि बाबांच्या शेजारच्या कामगाराची दोन बोटं गेली. जाळी फोरमनने काढली आणि बाबांवर ढकललं, असं आमच्या घरचं म्हणणं. चौकशीत बाबा तीन तास बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत. गप्प आहे म्हणजे यानेच काढली, असं ठरलं. नोकरी गेली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. तेव्हापासून बाबा घरी बसून लोकांच्या इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करतात, आणि त्या फोरमनच्या नावाने आई, आत्या आणि मी, तिघींनी बोटं मोडली आहेत.

"माझ्यापुढे कागद होता," आत्या म्हणाली. "नावाडी गप्प बसलेला. मला दादाच दिसत होता. 'कारण' लिहिलं आणि बोटं थांबेनात. सहा शब्दसुद्धा नाहीत गं. लिहून झाल्यावर इतकं बरं वाटलं मला. वाटलं, कुणीतरी दादाच्या बाजूने बोललं."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "मग झालं तर! वाक्य चांगलं आहे. खरं आहे. माणसं सुटली आहेत त्याच्यावर. ती लॅमिनेटवाली बाई आठवते ना? आता निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुझे. सत्कार घे, घरी ये. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"खरं आहे म्हणतेस?"

"आहेच."

तिने मान हलवली. त्या संध्याकाळी ती थोडी शांत वाटली. भात नीट वाढला, एकदाच वाढला. मी मनात म्हटलं, सुटलो.

पण जेवण झाल्यावर मीच माती खाल्ली. बाबा गॅलरीत एका इस्त्रीची तार जोडत होते. मला वाटलं, माणसाला कळायला हवं की कोर्टाच्या भिंतीवर चढणारं वाक्य त्याच्यासाठी लिहिलं गेलंय. इतकी वर्षं खाली मान घालून बसलाय, एकदा तरी वर बघेल. आत्या डोळ्यांनी नको नको करत होती, तरी मी सगळं सांगून टाकलं. अगदी कौतुकाने सांगितलं.

बाबांनी पेचकस खाली ठेवला.

"माझ्यावरून लिहिलंस?" त्यांनी आत्याला विचारलं.

"तू तीन तास बसला होतास दादा. तोंडातून शब्द फुटत नव्हता तुझ्या. घाबरला होतास."

"घाबरलो नव्हतो मी."

"बरं, घाबरला नव्हतास. धक्का बसला होता."

"जाळी मी काढली होती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आत्याचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथेच राहिला.

"गठ्ठे संपवायचे होते," बाबा म्हणाले. ते इस्त्रीशी बोलत होते. "जाळीने हात अडायचा, वेळ जायचा. म्हटलं, नंतर लावू. मी पाणी प्यायला गेलो आणि तो माझ्या जागी उभा राहिला, माझंच काम पुढे न्यायला. फोरमनचा काही संबंध नव्हता. चौकशीत बोललो असतो तर हेच बोलावं लागलं असतं. खोटं बोलायला जीभ वळेना, खरं बोलायचा धीर नव्हता. मग गप्प बसलो. घरी आलो तर तुम्ही आधीच सगळं ठरवून बसला होतात. फोरमन, कारस्थान, सगळं. मी तेही खोडून काढलं नाही."

"आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही."

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. लहानपणी त्या फोरमनच्या मुलीच्या वहीवर मी शाई ओतली होती. मुद्दाम. तेच डोळ्यांपुढे येत होतं.

आत्या खाली बसली, गॅलरीच्या फरशीवर, भिंतीला पाठ टेकून. इतकं गच्च बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "भोक कागदात होतं तसंच तुझ्यात होतं, दादा. दोन्हीकडे मी माझंच भरलं." मग उठली. "मी उद्या जाते."

"आत्या, अगं पण—"

"तू आता एक शब्द बोलू नकोस."

सकाळी ती माझ्या आधी तयार होती. मी दुकान उघडलंच नाही. तिने रेकॉर्ड रूममधून पत्र्याची पेटी काढून घेतली, रजिस्टरमध्ये रीतसर नोंद करून. पेटी जड नव्हती, तरी एक बाजू मी धरली. मॅडमच्या टेबलावर तिने आधी मूळ कागद ठेवला, शेजारी स्वतःची टाइप केलेली नक्कल ठेवली, आणि 'कारण'वर बोट ठेवून बाजूला उभी राहिली. या वेळी तिला शब्द सापडले. फार नव्हते. "इथून पुढचं माझं आहे, साहेबांचं नाही."

मॅडमनी चष्मा काढला, घातला. कागद उजेडाकडे धरायला गेल्या, आणि तो तुटेल म्हणून परत ठेवला. "तुम्हाला कल्पना आहे का," त्या म्हणाल्या, "मी स्वतः माझ्या निकालांत ही ओळ पाच वेळा वापरली आहे?"

"सात," आत्या म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मला हसू आलं, पण ती हसायची जागा नव्हती.

"एकूण एकतीस निकालांत आली आहे," आत्या म्हणाली. "सगळे काढून वाचलेत मी, या आठवड्यात. एकही माणूस या ओळीवर सुटलेला नाही. पुरावा नव्हता म्हणून सुटलेत. ओळ शेवटी जोडलेली आहे."

"शोभेला."

"हो."

मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या. खालून छिन्नीचा आवाज येत होता. त्यांनी शिपायाला बोलावलं आणि पाथरवटाला काम थांबवायला सांगितलं. परत येऊन त्या बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिल्या. "वाक्य सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "साहेबांनी लिहिलं असतं तर त्यांना शोभलं असतं."

"मला सुंदर लिहायला ठेवलं नव्हतं," आत्या म्हणाली.

मग मॅडमनी कोरा कागद घेतला आणि तिचा जबाब स्वतःच्या हाताने लिहायला लागल्या. आधी तिला बसायला सांगितलं, मीही शेजारी बसले. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं. नक्कल कधी केली. कुणी ताडली. मूळ कागदाची तेव्हा काय अवस्था होती. आत्या सरळ उत्तरं देत होती, जास्त नाही, कमी नाही.

"मजकूर स्वतःच्या मनाने का घातलात?"

आत्या गप्प राहिली.

मॅडम थांबल्या. मला वाटलं, आता सांगेल. ती सांगेना. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. भाऊ, छापखाना, जाळी. हे कळलं असतं तर मॅडमना कीव आली असती, आत्यावरचा ठपका हलका झाला असता. मी तोंड उघडलं तेवढ्यात आत्याने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"यात कुणी सांगितलं होतं का तुम्हाला? काही फायदा?" मॅडमनी विचारलं.

"नाही. कुणी नाही."

"मग का?"

पुन्हा गप्प. मॅडमनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग मान खाली घालून लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेल्या. जबाब संपल्यावर त्यांनी तो पद्धतीप्रमाणे वाचून दाखवला. त्या जागी एवढंच होतं: 'कारण विचारले. सांगितले नाही.' भीतीने म्हणून नाही, हेतूने म्हणून नाही, पश्चात्तापाने म्हणूनही नाही. आत्याने तो कागद पट्टीशिवाय, पण बोट ठेवून वाचला आणि सही केली.

पाटीवर पहिलं वाक्य राहील असं ठरलं. 'मौन ही कबुली नव्हे', आणि 'कारण'पासून पुढे जेवढं कोरून झालं तेवढं घासून काढायचं. मूळ पान भोकासकट काचेखाली ठेवायचं. एकतीस निकालांना जोडायची दुरुस्तीची टीप आत्यानेच तयार करायची. सत्कार रद्द. सेवापुस्तकात ठपक्याची नोंद. मॅडमनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि मग, पेन बंद करता करता म्हणाल्या, "मला तुमचा राग आलाय. पण उद्या वेळेवर या."

घरी परतताना ती माझ्या पुढे नव्हती. पहिल्यांदाच आम्ही बरोबरीने चालत होतो. रागावर राग साठला होता, बाबांवरचा, तिच्यावरचा, माझ्यावरचा, आणि कुठला कुणाला द्यायचा ते कळत नव्हतं.

बाबा जिन्यात बसले होते. सकाळपासून तिथेच असावेत. आम्हाला बघून उठले, भिंतीला धरून.

"काय म्हणाल्या?"

"ओळ काढली."

"आणि तुला?"

"ठपका."

"का लिहिलं ते विचारलं असेल."

"विचारलं."

"माझं सांगितलंस?"

"नाही. गप्प राहिले."

"मग त्यांनी काय धरलं?"

"काहीच धरलं नाही, दादा," आत्या म्हणाली.

बाबा जिन्याच्या पायरीवर परत बसले आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागले. आत्या त्यांच्या शेजारी बसली. मी उभी राहिले, आणि मग मीही बसले.